तेहतीस म्हणजे नक्की किती? कौलारू घराच्या ढाळाचा घोळ

पागोळी | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, दुपाखी छप्पर, मंगलोरी कौलं. वाशांना वाळवी लागली आहे, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) मधोमध बसलंय, आणि गेल्या पावसात माजघरात सात ठिकाणी भांडी मांडावी लागली. आई फोनवर रोज आकडा सांगायची.

आता लाकूड उतरवून लोखंडी कैच्या (छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे) करायच्या आणि वर तीच कौलं चढवायची असं ठरलंय. इथपर्यंत घरात एकमत. पुढे गाडी अडली.

फॅब्रिकेटरने व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवलं. भिंत ते भिंत २४ फूट, मधे कैचीची उंची ४ फूट. म्हणाला, "मॅडम, वन थर्ड ठेवलाय, तेहतीस टक्के, बिनधास्त राहा." मी तेच ड्रॉइंग आमच्या सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, छप्पर एक तृतीयांशच असतं. पण चोवीसला आठ. हा चार कुठून आला?"

दोघंही एक तृतीयांश म्हणतात. एकाचे ४, दुसऱ्याचे ८.

मग मीही माळ्यावर चढले. वाशावर बारा इंचांवर खूण केली आणि तेवढ्यात वासा किती उतरतो ते उभ्या पट्टीने मोजलं. ६ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणजे बाराला साडेसहाच्या वर. हे तर चारही नाही आणि आठही नाही. वर कौलावर मोबाइल ठेवून अ‍ॅप लावलं तर ३१ अंश दाखवतंय. फॅब्रिकेटर "तेहतीसच्या जवळच आहे की" म्हणून खूश.

कुणी सांगेल का की खरं काय?

---

निम्माशिम्मा | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५२

चार आणि आठ. सहा करा, दोघंही नाराज होतील. घरकामात तेवढंच समाधान.

---

ओळंबा | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३५

पागोळीताई, दोघंही खोटं बोलत नाहीयेत. "एक तृतीयांश" म्हटल्यावर लगेच विचारायचं, कशाचा?

मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षं बांधकाम शिकवलं. आपल्याकडच्या डिप्लोमाच्या पुस्तकांत छपराचा पिच म्हणजे आढ्याची उंची भागिले पूर्ण गाळा, म्हणजे भिंत ते भिंत अंतर. त्या हिशोबात २४ फुटांचा एक तृतीयांश ८ फूट. तुमच्या सुतारकाकांचा हिशोब हाच.

स्लोप म्हणतात तो वेगळा. उंची भागिले एका पाखाचं, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूचं, आडवं अंतर, म्हणजे गाळ्याचा अर्धा. तुमच्याकडे १२ फूट. १२ चा एक तृतीयांश ४ फूट. फॅब्रिकेटरचा हिशोब हा. त्याने तोंडाने पिच म्हटलं असेल तरी कागदावर स्लोप काढलाय.

म्हणजे पिचला दोनने गुणलं की स्लोप येतो. पिच एक तृतीयांश म्हणजे स्लोप दोन तृतीयांश, बाराला आठ, आणि कोन ३३.७ अंश. स्लोप एक तृतीयांश म्हणजे बाराला चार, आणि कोन १८.४ अंश. तुमच्या घरावर १८ अंशांचं कौलारू छप्पर म्हणजे पुढच्या वर्षी आईंना चौदा भांडी लागतील.

---

पागोळी | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४८

अरे देवा. पण मग तो तेहतीस टक्के म्हणतोय आणि मोबाइल ३१ अंश, हे जवळजवळ सारखंच झालं ना?

---

ओळंबा | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

नाही! तेहतीसचा खरा घोळ इथेच आहे. टक्के आणि अंश ही दोन वेगळी मापं आहेत. टक्के म्हणजे शंभर फूट आडवं गेल्यावर किती फूट चढलो. ४५ अंशांच्या चढावर शंभर आडवं आणि शंभर उभं, म्हणजे ४५ अंश म्हणजेच १०० टक्के. (दर वर्षी अर्धा वर्ग १०० टक्के म्हणजे ९० अंश असं लिहायचा. मी लाल पेनाची रिफिल वेगळी ठेवायचो.)

३३ टक्के म्हणजे १८ अंश. आणि ३३.७ अंश म्हणजे ६७ टक्के. तुमच्या गोष्टीत गाळ्याचा तेहतीसावा हिस्सा, माफ करा, तेहतीस टक्के हिस्सा, मग पाखाचे तेहतीस टक्के आणि वर तेहतीस अंश, असे तीन तेहतीस एकाच ओटीवर बसलेत. नावं सारखी म्हणून गाव एक होत नाही.

फुटाला किती इंच ते सांगतो, खाली लिहून ठेवा:

बाराला २ : साडेनऊ अंश
बाराला ४ : १८.४
बाराला ५ : २२.६
बाराला ६ : २६.६
बाराला ७ : ३०.३
बाराला ८ : ३३.७
बाराला ९ : ३६.९
बाराला १२ : ४५

बघा, इंच दुप्पट झाले की अंश दुप्पट होत नाहीत. सहाला २६.६ आहे, बाराला ५३ नाही.

---

गुण्याकाटकोन्या | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

वरचं सगळं बरोबर. पण ताईंनी माळ्यावर जे मोजलं त्यावर कुणीच बोललं नाही, आणि गंमत तिथे आहे.

तुम्ही बारा इंच वाशावर मोजलेत. तिरके. ते आडवे मोजायचे असतात. पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, घ्या (दोन फुटी असेल तर उत्तम), तिचं एक टोक वाशाच्या खालच्या कडेला टेकवा, बुडबुडा मधे आणा, टोकापासून बरोबर बारा इंचांवर खूण करा आणि त्या खुणेपासून वाशापर्यंत उभं अंतर मोजा. जे येईल ते फुटाला इंच. पाणसळ नसेल तर एक पाण्याची नळी आणि ओळंबा पुरतो.

तुमचं माप वाया गेलेलं नाही मात्र. तिरकं १२, उभं ६ इंच ५ सूत म्हणजे ६.६२५. आडवं काढू. १२ चा वर्ग १४४, ६.६२५ चा वर्ग ४३.८९, वजाबाकी १००.११, वर्गमूळ १० इंच. भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या भाषेत कर्ण आणि कोटी हातात आहेत, भुज काढला. आता १० इंचाला ६.६२, म्हणजे १२ ला किती? ७.९५. आठाला अर्धं सूत कमी.

तुमच्या आजोबांच्या सुताराने फुटाला आठच ठेवले होते. सुतारकाकांना माझा नमस्कार सांगा.

---

निम्माशिम्मा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:०१

सहा करा हा सल्ला मागे घेतोय.

---

वळचणीखाली | ५ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मोबाइलच्या ३१ चं उत्तर राहिलं. कौलावर फोन ठेवलात म्हणून. प्रत्येक कौलाचं खालचं टोक खालच्या कौलाच्या डोक्यावर चढलेलं असतं, त्यामुळे कौल वाशापेक्षा थोडं आडवं बसतं. वाशाचा कोन हवा असेल तर फोन वाशालाच लावा, आणि एकाच वाशाला नको. तुमचं आढं बसलंय म्हणता, तर मधल्या वाशांचा ढाळ कमी दाखवेल. दोन्ही टोकांचे, भिंतीजवळचे वासे मोजा. तिथे आढं हललेलं नसतं.

कौल असं आडवं बसतं म्हणूनच कमी ढाळाच्या छपरावर दुहेरी मार बसतो. वासा १८ अंशांवर, तर कौल त्याहून कमी. पाणी रेंगाळतं, शेवाळं धरतं, आणि नैर्ऋत्येची झड आली की वारा पाणी उलट वर ढकलून जोडाखाली घालतो. तुम्ही म्हणाल कौल फुटलंय. वर जाऊन बघावं तर सगळी धड. मुख्य छपरावर आम्ही मंगलोरी कौलाला तीस अंशांच्या खाली जातच नाही.

फॅब्रिकेटरला दोष देऊ नका फार. त्याची सगळी कामं पत्र्याची असणार. लांब पत्रा एकसंध असतो, आडवे जोड जवळजवळ नाहीत, तो फुटाला दोन इंचांवरही पाणी काढतो. त्याच्या मानाने त्याने चार देऊन उदारपणाच केलाय.

---

माळवदावरून | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:४४

आम्ही लातूरकडचे. आमच्या माळवदाला (मातीच्या सपाट छपराला) ढाळ म्हणजे पन्हळीकडे पाणी सरकेल इतकाच, वर उन्हाळ्यात झोपायचं, पापड वाळवायचे. तुमचं फुटाला आठ वाचून वाटलं, वर वाळवण घातलं तर थेट शेजाऱ्याच्या अंगणात.

---

पागोळी | ५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. गुण्याकाटकोन्या, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे काका बरोबर होते, एवढंच ना?"

आता प्रश्न दुसरा. फॅब्रिकेटरशी फोनवर बोलले. तो म्हणाला, आठ फूट केले तर लोखंड वाढेल, कौलं वाढतील, वजन वाढेल. किती वाढेल ते मला स्वतः काढायचंय, म्हणजे तो सांगेल तो आकडा मुकाट मानावा लागणार नाही. दोन्ही बाजूंना वळचण ३ फूट बाहेर आहे (आडवी मोजली, यावेळी पाणसळ लावून!), आणि घराची लांबी दोन्ही टोकांच्या बाहेर आलेल्या भागासकट ४० फूट.

---

ओळंबा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:२५

शाब्बास. चला करू.

एका पाखाचं आडवं अंतर १२ अधिक वळचणीचे ३, म्हणजे १५ फूट.

बाराला चार असेल तर प्रत्येक आडव्या फुटाला वाशाची लांबी १२.६५ इंच पडते (१४४ अधिक १६, वर्गमूळ). १५ फुटांना १५.८ फूट वासा.
बाराला आठ असेल तर १४.४२ इंच (१४४ अधिक ६४, वर्गमूळ). १५ फुटांना १८ फूट वासा.

आता दोन पाखी, लांबी ४०. पहिल्यात १२६५ चौरस फूट, दुसऱ्यात १४४२. म्हणजे (ब्रासला शंभर चौरस फूट) साडेबारा ब्रासच्या जागी जवळजवळ साडेचौदा ब्रास. फरक १७७ चौरस फूट. कौलं ब्रासला साधारण दीडशे धरा, तर २६५ कौलं जास्त. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे साडेसहाशे किलो जास्त वजन, तेही कोरडं. भिजल्यावर आणखी.

पण मुळात तुमच्या भिंतींनी इतकी वर्षं हेच ओझं पेललंय. छप्पर आठाचंच होतं आणि कौलंही उतरवून तीच चढवणार. वाढ त्याच्या ड्रॉइंगच्या तुलनेत आहे, तुमच्या घराच्या तुलनेत नाही.

---

गुण्याकाटकोन्या | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५८

वर्गमूळ न काढता सुतार हे कसं करतात ते सांगतो, कारण काका तसंच करतील.

मोठा लोखंडी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, घ्यायचा. एका हातावर १२ ची खूण, दुसऱ्यावर ८ ची. दोन्ही खुणा वाशाच्या एकाच कडेवर बसवायच्या. बाराच्या बाजूला पेन्सिलची रेघ. मग गुण्या त्या रेघेपर्यंत सरकवायचा, पुन्हा रेघ. तुमचं आडवं अंतर १५ फूट, म्हणजे पंधरा वेळा. पंधरावी रेघ जिथे पडली तिथे वासा संपला, १८ फूट पाव इंच. आणि गुण्याच्या आठाच्या हाताला धरून मारलेली रेघ म्हणजेच आढ्याला टेकणारा उभा काप. लांबी आणि काप एका फटक्यात, कॅल्क्युलेटरला हात नाही. आढ्याच्या जाडीचा अर्धा मात्र वजा करायचा, तो विसरला की पहिला वासा लांब पडतो. माझ्या पहिल्या कामात असे चार पडले होते. वडील काही बोलले नाहीत, दिवसभर ते चार वासे मलाच उचलून ठेवायला लावले.

फुटाला नऊ ठेवणाऱ्याला तर आणखी सोपं. नऊ, बारा, पंधरा. कर्ण पुरा.

---

बोस्टनचा बंड्या | ६ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

इथे अमेरिकेतही सगळे "सिक्स ट्वेल्व्ह", "एट ट्वेल्व्ह" असंच बोलतात, म्हणजे तुमचं फुटाला आठ तेच. डांबरी शिंगल्स (इकडची कौलं म्हणा) बाराला दोनच्या खाली लावूच देत नाहीत, आणि दोन ते चारच्या मधे असेल तर खालचा कागद दुहेरी घालावा लागतो. आमचं छप्पर बाराला दहा. त्यावर चढायला निघालेल्या मला बायकोने शिडीवरूनच खाली उतरवलं.

---

घोवाची वाट | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

कुडाळसून लिवतंय. ताई, तुमच्या घराक पडवी आसा काय? आसली तर तिचो हिशोब आधी करा, नायतर डोक्याक टेंगूळ येतला.

---

पागोळी | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:०२

पडवी आहे! पुढच्या बाजूला, ८ फुटांची. त्या बाजूची वळचण तीन फुटी नाहीच, तिथे पडवीच सुरू होते. आता हे काय नवीन?

---

वळचणीखाली | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

कुडाळकरांनी नेमकं बोट ठेवलं. भिंत किती उंच? समजा ९ फूट. फुटाला आठ इंचांनी तोच ढाळ सरळ पडवीवर नेलात तर ८ फुटांत ६४ इंच उतरेल, म्हणजे ५ फूट ४ इंच. पडवीच्या कडेला उंची राहिली ३ फूट ८ इंच. कोंबड्यांसाठी उत्तम.

म्हणून पडवीपाशी ढाळ मोडतात. मुख्य छप्पर आठाचं, पडवी चार किंवा पाचाची. चाराने ८ फुटांत ३२ इंच उतरतं, कडेला ६ फूट ४ इंच राहतात, वाकून का होईना माणूस येतो. तुमच्याकडेही मोडलेलाच असणार, जुने फोटो बघा. आणि त्या सात भांड्यांपैकी किती त्या मोडीच्या रेषेत होती तेही आईंना विचारा. वरचं पाणी वेगाने येतं आणि मंद ढाळावर येऊन थबकतं, घर गळायला लागतं तिथूनच. तिथे वरच्या कौलाची ओळ खालच्यावर चांगली हातभर चढवा आणि खाली पत्र्याची पट्टी घाला. पडवीवरच कौलांऐवजी पत्रा घालणारेही आहेत. दिसायला बरं नाही, झोप मात्र लागते.

---

पागोळी | ६ फेब्रुवारी, दुपारी १:४०

आईला विचारलं. सातातली पाच त्याच रेषेत.

---

दिवेआगरचा | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

एक वाऱ्याचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. आमच्या आळीत मंद ढाळाचे पत्रे आख्खेच्या आख्खे उडून सुपारीच्या बागेत पडले, वारा पत्र्याला खालून आणि वरून दोन्हीकडून उचलतो. कौलारू घरांची कौलं शेकड्यांनी गेली, पण कौल गेलं तिथे भोक पडलं आणि दाब निघून गेला, सांगाडा बऱ्याच ठिकाणी उभा राहिला. म्हणून कैच्या लोखंडी करताय तर त्या भिंतीत नीट गाडून, बोल्टने आवळून घ्या. वळचणीकडच्या आणि आढ्याजवळच्या दोन-दोन ओळी तारेने बांधा. सगळ्यात आधी त्याच उठतात.

---

ओळंबा | ६ फेब्रुवारी, रात्री ९:१२

ताई, आणखी एक. तुमच्या घराच्या बाजूच्या भिंतीचा वरचा त्रिकोण चिऱ्याचा आहे ना? त्याचा समोरून फोटो असेल तर मोजमाप घरबसल्या होतं. त्रिकोणाच्या तळापासून आढ्यापर्यंत चिऱ्याचे थर मोजा.

---

पागोळी | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

दादाच्या लग्नातला फोटो आहे, मांडवामागे भिंत पूर्ण दिसतेय. मोजले. बारा थर. दादाला फोन करून एक थर सांध्यासकट मोजायला लावला, आठ इंच. बारा आठे शहाण्णव, म्हणजे बरोबर ८ फूट!

आणि हे आधी सुचलं असतं तर मी वाळवीच्या माळ्यावर चढलेच नसते.

---

गुण्याकाटकोन्या | ६ फेब्रुवारी, रात्री १०:०४

शिवाय त्याने चार फुटांची कैची आणली असती तर तो त्रिकोण वरून चार फूट तोडावा लागला असता. ड्रॉइंगमध्ये तोडफोडीचा खर्च धरला होता का, विचारा.

---

पागोळी | ११ एप्रिल, सकाळी ९:३०

धागा वर काढतेय. कैच्या बसल्या. विचारलं होतं, धरला नव्हता. फॅब्रिकेटर स्वतः येऊन भिंत बघून गेला, त्रिकोणाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी साइट बघितलीच नव्हती." नवं ड्रॉइंग आठ फुटांचं आलं. रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर ठरवताना त्याने पट्टी काढली, तर काकांनी त्याच्या हातात एक कौल दिलं आणि म्हणाले, याच्या मापाने घे, कागदाच्या नको. त्या दिवसापासून दोघं एका डब्यातून जेवतात.

पडवी बाराला पाच ठेवली, भिंत साडेनऊ निघाल्यामुळे जमलं. कडेला सहा फूट दोन इंच उरले. मोडीवर पत्र्याची पट्टी घातली आहे. उतरवताना फुटलेली कौलं सव्वाशेच्या वर गेली. शिवाय काही दुसऱ्याच कंपनीची निघाली, जोड जुळत नाहीत, ती सगळी गोठ्यावर.

---

निम्माशिम्मा | ११ एप्रिल, सकाळी ९:४५

आणि कौलं उचकटणाऱ्या माकडांचं काय ठरलं?

---

पागोळी | १९ जून, रात्री १०:१५

चार दिवस मुसळधार चाललाय. आईने आज एकच भांडं मांडलंय, तेही कोन्याखाली, म्हणजे आढ्यावरच्या कौलाखाली. दुपारी वानरांची टोळी आठाच्या ढाळावरून घसरत पडवीवर आली आणि जाताना एक कोना घेऊन गेली.